अपेक्स लोकेटरचं ऐकायचं कधी आणि एक्स-रेचं कधी?

प्रश्न: हर्णैजवळ दीड वर्षापूर्वी मी स्वतःचा दवाखाना सुरू केला. रूट कॅनलसाठी अपेक्स लोकेटर (मुळाचं टोक विजेने शोधणारं यंत्र) घेतला, पण त्याचा भरवसा वाटत नाही. कधी फाईल (कॅनल साफ करायची बारीक सुई) आत जाते न जाते तोच शून्य दाखवतो, कधी पट्टी हलतच नाही, कधी एकाच कॅनलला (मुळातल्या नळीला) तीनदा मोजलं तर तीन लांब्या येतात. परवा वरच्या दाढेत मशीन आणि एक्स-रे यांच्यात दीड मिलिमीटरचा फरक आला. अशा वेळी कुणाचं ऐकायचं? महागातलं मशीन घेऊ का? आणि पेसमेकर बसवलेले एक आजोबा पुढच्या आठवड्यात रूट कॅनलसाठी येणार आहेत, त्यांना हे मशीन लावू की नको?

उत्तर:

डॉक्टर, नवं मशीन आत्ता घेऊ नका. तुम्ही लिहिलेल्या तक्रारींची कारणं बहुतेक दातातच सापडतील, एखादी केबलमध्ये सापडेल. मशीन बदलून त्या जाणार नाहीत आणि पैसे मात्र जातील. त्या पैशांत रबर डॅमचा (दात लाळेपासून वेगळा ठेवणाऱ्या रबरी पडद्याचा) पूर्ण संच आणि दोन जादा केबल येतात. त्याने तुमच्या लांब्या जेवढ्या सुधारतील तेवढ्या दुसऱ्या कशानेही सुधारणार नाहीत.

मी देवगडला 1996 पासून प्रॅक्टिस करते. पहिली काही वर्षं माझ्याकडे लोकेटर नव्हता आणि आरव्हीजीही (डिजिटल एक्स-रे) नव्हतं. फिल्म काढायची, काळ्या डब्यात हात घालून डेव्हलपर-फिक्सरमधून फिरवायची, धुवायची आणि ओलीच खिडकीपाशी धरून बघायची. मे महिन्यात डेव्हलपर इतका तापायचा की फिल्म बघता बघता काळी पडायची, मग पुन्हा दुसरी. पेशंट तोंड उघडून बसलेला. त्यामुळे लोकेटर आला तेव्हा मला हायसं वाटलं, पण पहिले सहा महिने तुमच्यासारखीच माझीही त्याच्याशी भांडणं झाली. ती कधी थांबली ते सांगते: हे मशीन लांबी मोजतच नाही, हे ज्या दिवशी नीट उमगलं त्या दिवसापासून.

आमच्या बंदरातले जुने तांडेल पाण्याची खोली कशी काढायचे ते तुम्ही हर्णैला ऐकलं असेल. दोरीच्या टोकाला शिशाचा गोळा बांधायचा, बोटीवरून सोडायचा आणि तो तळाला टेकला की हाताला कळतं. मग दोरी वर घेत घेत किती वाव पाणी आहे ते मोजायचं. गोळ्याला खोली कळत नाही, त्याला फक्त तळ कळतो. खोली दोरीवर मोजायची असते. आपली फाईल म्हणजे ती दोरी, फाईलवर सरकणारा रबर स्टॉपर म्हणजे दोरीवर धरलेली चिमूट, आणि लोकेटर फक्त ‘टेकलं’ एवढंच सांगतो. लांबी तुम्ही फूटपट्टीवर काढता. स्टॉपर तिरका बसला असेल, ज्या कस्पवर (दाढेच्या उंचवट्यावर) तो टेकवला ती कस्प नंतर घासली गेली असेल किंवा तात्पुरती भर तुटली असेल, तर मशीन कितीही खरं बोललं तरी लांबी खोटीच येणार. एकाच कॅनलच्या तीन लांब्या येतात म्हणता ना? आधी हे तपासा. टेकवायची जागा सपाट करून घ्या, ती कार्डावर लिहून ठेवा (‘मेसिओबकल कस्प, घासलेली’ एवढं पुरे) आणि प्रत्येक भेटीत तीच धरा. माझ्या अनुभवात निम्मे घोळ इथेच मिटतात.

आता ‘टेकलं’ म्हणजे नेमकं कुठे टेकलं? मुळाच्या आत डेंटिनची (दाताच्या मुख्य कठीण भागाची) भिंत आहे, ती वीज फारशी जाऊ देत नाही. मुळाच्या तोंडाबाहेर (टोकाशी नस आत शिरते त्या भोकाबाहेर) पेरिओडॉन्टल लिगामेंट, म्हणजे दात हाडाला बांधून ठेवणारा पडदा, आहे, ते ओलं आणि जिवंत, वीज सहज जाऊ देणारं. एक तार फाईलला, दुसरी ओठाला. फाईलचं टोक त्या तोंडापाशी पोचलं की सर्किटचा अडथळा एकदम बदलतो, आणि मशीन तो बदल ओळखतं. विजेने मुळाचं टोक शोधायची कल्पना कस्टर यांनी 1918 मध्ये मांडली. पुढे 1942 मध्ये जपानमध्ये सुझुकी यांना कुत्र्यांच्या दातांवर काम करताना दिसलं की कॅनलमधलं उपकरण आणि तोंडातली त्वचा यांच्यामधला विद्युतरोध जवळपास ठरावीक असतो. सुनादा यांनी 1962 मध्ये त्याचंच मोजण्याचं साधन केलं: 6.5 किलोओहम आला की टोक आलं. पेशंट कितीही वर्षांचा असो, दात कुठलाही असो, आकडा जवळपास तोच. वाचायला इतकं साधं वाटतं, पण त्या पहिल्या यंत्रांची एक अडचण होती. कॅनलमध्ये रक्त, पू, हायपो (कॅनल धुवायचं सोडियम हायपोक्लोराइट) असं काहीही ओलं असलं की ती आधीच ‘टेकलं’ म्हणायची. कॅनल कोरडा ठेवून मोजायचं म्हणजे आपल्या कामाच्या उलटंच.

ही अडचण दोन फ्रिक्वेन्सींनी सोडवली. मोरिता कंपनीचं रूट झेडएक्स याच पद्धतीवर चालतं आणि कोबायाशी व सुदा यांनी 1994 मध्ये ती पद्धत सविस्तर मांडली. एकाच वेळी 400 हर्ट्झ आणि 8 किलोहर्ट्झ असे दोन प्रवाह सोडायचे आणि दोन्हींच्या अडथळ्यांचा भागाकार बघायचा. कॅनलमध्ये हायपो असो की रक्त, दोन्ही आकडे एकत्रच वरखाली होतात, त्यामुळे भागाकार फारसा हलत नाही. फाईल टोकाच्या चिंचोळ्या जागेपाशी आली की मात्र भागाकार झपाट्याने उतरतो, साधारण 0.67 पर्यंत. आज बाजारात मिळणारी बहुतेक मशीनं याच घराण्यातली, कुणी दोन फ्रिक्वेन्सी आळीपाळीने सोडतं, कुणी जास्त वापरतं, एवढाच फरक. म्हणून तुमचं मशीन स्वस्तातलं असलं तरी त्याला नावं ठेवू नका. त्याची तार धड असेल तर ते हेच काम करतंय.

आता पडद्यावरच्या आकड्यांविषयी, कारण इथे मी चांगल्या चांगल्या डॉक्टरांना चुकताना पाहिलंय. पडद्यावर 2, 1, 0.5 असं दिसतं म्हणून टोकाला तेवढे मिलिमीटर उरले असं समजू नका. ते मिलिमीटर नाहीत. भागाकार किती उतरला ते दाखवणाऱ्या त्या खुणा आहेत. ‘1’ दिसतंय म्हणजे तुम्ही टोकाजवळ आहात, इतकंच. त्यातली सर्वांत भरवशाची खूण म्हणजे शून्य, म्हणजे ‘अपेक्स’ लिहिलेली रेघ, कारण तिथे फाईलचं टोक खरोखरच लिगामेंटला भिडलेलं असतं. म्हणून माझी पद्धत अशी: लहान फाईल हलके फिरवत शून्यापर्यंत न्यायची, पट्टी तिथे थरथरत नाही ना ते दोन-तीन सेकंद बघायचं, स्टॉपर लावायचा, फाईल बाहेर काढून मोजायची आणि त्यातून अर्धा मिलिमीटर वजा करायचा. ‘0.5’ च्या खुणेवर थांबून तीच लांबी धरायची हा शॉर्टकट मी घेत नाही. तोच कॅनल पुन्हा मोजायचा. दोन्ही वेळा शून्य एकाच जागी आलं तरच ते शून्य.

अर्धा मिलिमीटरच का? कुटलर यांनी 1955 मध्ये मुळांची टोकं सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. कॅनल सर्वांत अरुंद जिथे असतो ती जागा आणि बाहेरचं तोंड यांच्यात तरुण माणसांत साधारण अर्धा मिलिमीटर अंतर निघालं आणि वय वाढलेल्यांत ते वाढत साधारण 0.66 मिलिमीटरपर्यंत गेलं, कारण वयाबरोबर सिमेंटम (मुळावरचा कठीण थर) साचत जातं. आपलं काम त्या अरुंद जागेपर्यंत. मात्र टोकाशी जुना आजार असेल, एक्स-रेत मुळाचं टोक झिजलेलं, कुरतडल्यासारखं दिसत असेल, तर ती अरुंद जागा शिल्लकच नसते. तिथे मी एक ते दीड मिलिमीटर वजा करते, नाहीतर गटापर्चाला (कॅनलमध्ये भरायच्या रबरासारख्या द्रव्याला) अडायला काही उरत नाही आणि ते सरळ बाहेर जातं.

बाहेर गेलं तर काय होतं आणि आखूड राहिलं तर काय होतं, याचा एक जुना पण पक्का हिशेब आहे. स्वीडनमध्ये श्योग्रेन आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये आठ-दहा वर्षांनी पुन्हा तपासलेल्या दातांची पाहणी प्रसिद्ध केली. नस मेलेली आणि टोकाशी आजार असलेल्या मुळांपैकी, भरण टोकापासून दोन मिलिमीटरच्या आत होतं त्यातली 94 टक्के बरी झाली. भरण बाहेर गेलेल्यांत हा आकडा 76, आणि दोन मिलिमीटरपेक्षा आखूड राहिलेल्यांत 68. हे आकडे मी माझ्या कपाटाच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवलेत. दाताचं नशीब दोन मिलिमीटरवर ठरतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न. त्याआधी 1999 ची माझी एक केस सांगते, कारण तिच्याशिवाय मी पुढे जे म्हणणार आहे ते नुसतं पुस्तकी वाटेल. कलमांच्या बागेत काम करणाऱ्या एक बाई होत्या, पन्नाशीच्या. वरच्या पहिल्या दाढेचं रूट कॅनल मी केलं. लोकेटर नव्हता. एक्स-रेत टाळूकडच्या मुळातली फाईल टोकाच्या एक मिलिमीटर अलीकडे, अगदी नमुनेदार. भरणही तसंच दिसलं. पण बाईंचं चावताना दुखणं थांबेना. महिना गेला, दोन गेले. “डॉक्टरीणबाई, भाकर या बाजूक घालूक होना नाय,” असं त्या दर खेपेला सांगायच्या. मी प्रत्येक वेळी एक्स-रे पुन्हा बघायची, त्यात दोष दिसायचा नाही, आणि मी त्यांना धीर धरायला सांगायची. शेवटी त्या वैतागल्या, म्हणाल्या काढूनच टाका. काढला. हातात घेतलेला दात धुतला आणि बघत राहिले. टाळूकडच्या मुळाचं तोंड टोकाला नव्हतंच. ते दीड-दोन मिलिमीटर अलीकडे, गालाच्या बाजूला उघडत होतं, आणि माझं गटापर्चा त्यातून बाहेर आलेलं स्पष्ट दिसत होतं. एक्स-रे समोरून काढलेला, त्यामुळे पुढे उघडलेलं तोंड त्या चित्रात मुळाच्या अंगावरच पडत होतं. माझ्या ‘नमुनेदार’ एक्स-रेने मला दोन महिने फसवलं, आणि त्या बाईंचा धड दात गेला. तो दात अजून माझ्याकडे आहे. हाताखाली शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला मी तो दाखवते.

कुटलर यांच्या कामातही हेच निघालं होतं की मुळाचं तोंड बरोबर टोकावर क्वचितच असतं, बहुतेक वेळा ते थोडं बाजूला सरकलेलं असतं. एक्स-रे ही सावली आहे. सावलीत डावं-उजवं दिसतं, पुढचं-मागचं दिसत नाही.

म्हणून फरक आला की मी आधी तो कुठल्या दिशेचा आहे ते बघते. फाईल एक्स-रेत मुळाच्या आत दिसतेय, टोक अजून दीड मिलिमीटर लांब आहे, पण मशीन शून्य म्हणतंय, आणि ते शून्य स्थिर आहे, पुन्हा मोजलं तरी तेच येतंय: तर मशीनचं ऐका. तोंड बाजूला आहे. वरच्या दाढा, खालच्या दाढांची मागची मुळं, बाजूचे पटाशीचे दात, यांत हे नेहमीचं. तुमची परवाची केस बहुधा हीच. उलट, एक्स-रेत फाईल मुळाच्या बाहेर गेलेली स्पष्ट दिसतेय आणि मशीन म्हणतंय अजून आत आहोत, तर मशीनचं एका क्षणासाठीही ऐकू नका. सावलीत बाहेर दिसणारी वस्तू आत असूच शकत नाही. तिथे तार, क्लिप, कोरडा कॅनल, यांत कुठेतरी बिघाड आहे. आणि फरक तीन मिलिमीटरच्या वर असेल, तर कुणाचंच न ऐकता हात थांबवा आणि ट्यूब थोडी मेसिअल (जबड्याच्या मधल्या रेषेकडच्या) बाजूला वळवून दुसरा एक्स-रे काढा. काहीतरी वेगळं चाललंय.

ते वेगळं काय असतं याचं उदाहरण देते. मासेमारी बंदीच्या काळात, म्हणजे 1 जून ते 31 जुलै, माझ्याकडे खलाशांची गर्दी असते. दहा महिने दर्यावर दाढदुखीवर गोळ्या खाऊन काढलेले असतात, आता बोटी किनाऱ्याला आहेत तोवर सगळं उरकायचं असतं. अशाच एका तरुणाची खालची पहिली दाढ. दुसरीकडे कुठेतरी अर्धवट उघडलेली. खालच्या दाढेची लांबी साधारण 21 मिलिमीटरच्या आसपास धरतो आपण. मी फाईल घातली आणि 11 ला शून्य. पुसून, सुकवून, तार तपासून पुन्हा घातली, पुन्हा 11 ला शून्य. फाईल कॅनलमध्ये नव्हतीच. दोन मुळांच्या मधल्या तळाला आधीच भोक पडलं होतं आणि फाईल त्यातून थेट लिगामेंटला भिडत होती. साध्या एक्स-रेत ते दाढेच्या अंगामागे झाकलं गेलं असतं. मशीनला मुळाचं तोंड आणि भोक यांतला फरक कळत नाही, पण जिथे शून्य यायला नको तिथे ते आलं, हीच खूण. भोक एमटीएने (अशी भोकं बुजवायच्या सिमेंटने) बंद केलं, खरे कॅनल नंतर शोधले, आणि नारळी पौर्णिमेला तो पोरगा बोटीवर गेला. मशीन ‘चुकीचं’ दाखवतंय म्हणून ते बंद करून ठेवलं असतं, तर मी त्या भोकातून हायपो सोडला असता. पुढचं सांगायला नको, ती सूज तुम्ही एकदा पाहिली असेल तर विसरणार नाही.

फाईल आत जाताच शून्य येतं, त्याची बाकी कारणं यापेक्षा साधी आहेत. जुनी चांदीची भर किंवा धातूची कॅप: फाईलचा दांडा तिला टेकला की वीज तिथूनच हिरडीत जाते. ती भर पूर्ण काढा, कॅप असेल तर भोक जरा मोठं करा. दाताची बाजूची भिंत किडून गेलेली आणि हिरडी आत वाढलेली: तर हिरडी बाजूला करून आधी ग्लास आयनोमरची किंवा कंपोझिटची भिंत उभारा, मग मोजा. लाळ आत झिरपत असेल तरी तेच, आणि म्हणूनच मी रबर डॅमचा आग्रह धरते. पण मला सर्वांत जास्त वेळा सापडलेलं कारण म्हणजे पल्प चेंबरमध्ये (दाताच्या वरच्या भागातल्या नसेच्या पोकळीत) साचलेला हायपो. सगळ्या कॅनलांची तोंडं त्या डबक्यात बुडालेली असतात, मग एका कॅनलमधली वीज दुसऱ्यातून उतरते. नियम एवढाच धरा: चेंबर कोरडं, कॅनल ओला. कापसाच्या बोळ्याने चेंबर टिपायचं, कॅनलमधलं पाणी तसंच ठेवायचं.

पट्टी हलतच नाही तेव्हा नेमकं याच्या उलट शोधायचं. कॅनल पेपर पॉइंटने अगदी कोरडा केलाय का? दोन थेंब हायपो सोडा. आत भुशाची गुठळी बसलीय का, जुनं गटापर्चा आहे का? वाट मोकळी नसेल तर टेकणार कुठून? आपल्या भागात मिशेरी लावणाऱ्या म्हाताऱ्या बायका आहेत, त्यांचे दात वर्षानुवर्षं घासून झिजलेले असतात आणि आतली नस मागे मागे सरकून कॅनल सुईच्या नेढ्यासारखा उरतो. तिथे 8 आणि 10 नंबरच्या फाईलने, ईडीटीए (कॅनलची भिंत मऊ करणारं द्रव) लावत, वेळ देऊन वाट करावी लागते. मशीन गप्प बसलंय म्हणजे तुम्ही अजून पोचलेला नाही, हे त्याने खरंच सांगितलेलं असतं. आणखी एक: तोंड बराच वेळ उघडं राहिलं की ओठ सुकतात, त्याने ओठाची क्लिप काम करत नाही. क्लिप ओली करून ज्या बाजूला काम चाललंय त्याच्या विरुद्ध कोपऱ्यात अडकवा.

मोजायच्या वेळेबद्दलही एक सांगते. कॅनलचा वरचा भाग आधी मोकळा करून मग मोजलं तर आकडा जास्त स्थिर येतो, कारण फाईल वर घासत नाही आणि टोकाशी नीट बसते. रुंद कॅनलमध्ये 10 नंबरची फाईल पोहत राहते. तिथे टोकाशी जरा अडेल अशी मोठी फाईल घ्या. वाकड्या मुळात शेपिंगनंतर लांबी थोडी कमी होते, कारण वळण सरळ झालं की वाट आखूड होते. त्यामुळे शेवटची फाईल नेण्याआधी एकदा परत मोजते. मिनिटभराचं काम आहे. आणि एक्स-रे काढायचा असेल तर निदान 15 नंबरची फाईल आत ठेवून काढा, 8 आणि 10 ची टोकं चित्रात दिसत नाहीत.

आता केबलविषयी, कारण तुमचाही दवाखाना समुद्रापाशी आहे. पुण्यामुंबईच्या डॉक्टरांना हे सांगावं लागत नाही. आपल्याकडची खारी हवा फाईल क्लिपच्या आतल्या छोट्या हुकावर हिरवट थर आणते, डोळ्यांना दिसेल न दिसेल असा, आणि मग पट्टी उड्या मारते. जून ते सप्टेंबर तर विचारूच नका. मी रोज सकाळी पहिला पेशंट बसवायच्या आधी फाईल क्लिप ओठाच्या क्लिपला थेट टेकवते. पट्टी झटकन पूर्ण पलीकडे गेली पाहिजे. अडखळली, थरथरली, तर स्पिरिटने दोन्ही पुसायच्या, तरी तेच असेल तर केबल बदलायची. मशीन काम झालं की झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. पुड्यांचा रंग बदलला की त्या तापवून कोरड्या करायच्या. बॅटरी उतरायला लागली की आकडे बिघडतात, म्हणून निम्म्यावर आली की चार्ज करायची. पण पेशंटला लावलेलं असताना चार्जिंगची वायर जोडायची नाही. पावसात महावितरणची लाइट जाते तेव्हा इन्व्हर्टरवर खुर्ची चालू ठेवायची की कॉम्प्रेसर, असा प्रश्न पडतो. लोकेटर मात्र स्वतःच्या बॅटरीवर शांतपणे चालू असतो, हे त्याचं मोठं सुख.

इतकं सांगूनही एक्स-रे सोडू नका. मशीन एकच गोष्ट सांगतं. मुळं किती, वळण कुठे, टोकाशी आजाराची सावली किती मोठी, खालच्या दाढेखाली नसेचा कालवा किती जवळ, वर सायनस किती खाली आलाय, हे त्याला माहीत नाही. सुरुवातीचा एक, लांबी ठरल्यावर पडताळ्याचा एक, भरल्यावर एक. पूर्वी माझे एका दाढेला सहा-सात व्हायचे. एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) नोंदणी केली म्हणजे जबाबदारी संपत नाही, पेशंटला लागेल तेवढंच रेडिएशन देणं आपल्या हातात आहे. गर्भवती बाई दुखणाऱ्या दाताने आली की हा फरक फार जाणवतो. शिशाचा ॲप्रन घालून दाताचा एक एक्स-रे काढायला खरं तर हरकत नसते, पण सोबत आलेल्या सासूबाई दारातच विचारतात, “फोटो काढूचो लागतलो काय?” तेव्हा “एकच, तोही गरज पडली तर,” असं मी आज सांगू शकते, ते लोकेटरमुळे.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र सावध राहा. नऊ वर्षांचं पोर काजूच्या झाडावरून पडून पुढचा दात दुखावून आलं, तर त्याच्या मुळाचं टोक अजून मिटलेलंच नसतं. नरसाळं उलटं धरावं तसं ते उघडं असतं. तिथे मशीन फार आधीच शून्य देतं. तिथे एक्स-रे आणि पेपर पॉइंट.

राहिले तुमचे आजोबा. बहुतेक कंपन्या आपल्या माहितीपुस्तकात पेसमेकर असेल तर वापरू नका असंच लिहितात. प्रयोगशाळेत आणि थोड्या पेशंटवर झालेल्या अभ्यासांत आधुनिक पेसमेकरमध्ये अडथळा आल्याचं दिसलेलं नाही, तरीही मी स्वतःच्या जोरावर निर्णय घेत नाही. आजोबांच्या हृदयरोगतज्ज्ञांना आधी फोन करा, पेसमेकर कुठला, कधी बसवला, आजोबा पूर्णपणे त्यावरच अवलंबून आहेत का, ते विचारून कार्डावर लिहा. ते नको म्हणाले तर मशीन बाजूला ठेवा आणि त्या दिवशी खोलीत कॉटरीही (विजेने हिरडी कापायचं यंत्र) चालू करू नका. सुरुवातीच्या एक्स-रेवरून अंदाजाची लांबी काढा, त्याहून एक मिलिमीटर आखूड फाईल ठेवून दोन कोनांतून एक्स-रे घ्या, म्हणजे पुढे-मागे उघडलेलं तोंड निदान एकात तरी डोकावेल. कॅनल पूर्ण साफ आणि कोरडा झाल्यावर पेपर पॉइंट ठरलेल्या लांबीपर्यंत हलकेच न्या आणि बाहेर काढून टोक बघा. कोरडं आलं तर आत आहात. टोकाला लाल किंवा ओला ठिपका आला तर तेवढे बाहेर गेलात. ठिपका जेवढा लांब तेवढं वजा करा आणि नव्या पॉइंटने परत बघा. घाई नको, याला वेळ लागतो. आजोबांना सकाळची पहिली वेळ द्या, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करून येऊ नका असं त्यांच्या मुलाला आजच फोनवर सांगा, आणि येताना औषधांची चिठ्ठी व पेसमेकरचं कार्ड दोन्ही आणायला सांगा.